आईचे हात : केटे कोलविट्झबाईंचीं चित्रें

दारिद्र्याचें चित्र काढणें ही कांहीं अवघड गोष्ट नव्हे. फाटकीं वस्त्रें, खोल गेलेले डोळे, रिकामी थाळी व तिच्याभोंवतीं दोनचार उघडीं मुलें एवढें साहित्य जमविलें कीं पाहणाराच्या घशांत आवंढा येतो. आणि तो आवंढा म्हणजेच कलेची पावती असें समजून चित्रकार व प्रेक्षक दोघेही संतुष्ट मनानें घरीं जातात. युद्धाच्या चित्रांचीही हीच कथा. तेथें प्रेतें असतात, पेटलेलीं घरें असतात, आणि हें सर्व करणारा कोणी तरी दुष्ट मनुष्य चौकटीच्या बाहेर उभा असतो. तो आपण नव्हे याविषयीं प्रेक्षकाची आधींच खात्री झालेली असते. गरिबाच्या दुःखावर स्वतःच्या सहृदयतेचें प्रदर्शन मांडणें आणि त्या दुःखाविषयीं कांहीं खरें बोलणें या दोन अगदीं निरनिराळ्या गोष्टी आहेत. केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्त्रीच्या कामाकडे आम्ही हा संशय मनांत धरूनच पाहूं इच्छितों. कारण त्यांची कीर्ति जगभर पसरली ती बहुतांशीं पहिल्या कारणासाठीं, आणि त्यांचीं चित्रें टिकलीं तीं मात्र दुसऱ्या कारणासाठीं, असें आमचें मत आहे.

कोलविट्झबाईंचा जन्म १८६७ सालीं पूर्व प्रशियांतील क्योनिग्सबर्ग शहरीं झाला. हें शहर दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाकडे गेलें व आज त्याचें नांव कालिनिनग्राद असें आहे. मातामह यूलियुस रुप हे धर्मोपदेशक होते. सरकारी चर्चशीं न पटल्यामुळें त्यांना तेथून बाहेर पडावें लागलें व त्यांनीं स्वतंत्र उपासकमंडळ स्थापन केलें. वडिलांनीं कायद्याचा अभ्यास करूनही तो मार्ग सोडला व गवंडीकाम शिकून घरें बांधण्याचा धंदा पत्करला. अशा घरांत वाढलेल्या मुलीला न्यायाचा विषय जेवणाच्या पानावरच भेटला असला पाहिजे. १८९१ सालीं डॉक्टर कार्ल कोलविट्झ यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. हे गृहस्थ बर्लिनच्या उत्तर भागांतील कामकरी वस्तींत आजारी-फंडाचे डॉक्टर होते. घर व दवाखाना शेजारींशेजारीं. दवाखान्यांत औषधाला येणाऱ्या बायका पुष्कळदां डॉक्टरांच्या पत्नीपाशीं येऊन बसत आणि आपल्या संसाराची रडकथा सांगत. १९४३ सालीं बाँबवर्षावांत तें घर जळून गेलें. तोंपर्यंत पन्नासांहून अधिक वर्षें बाईंचा मुक्काम त्याच वस्तींत होता.

आणि तरीही प्रारंभीं आपण कामकऱ्यांकडे वळलों तें दयेमुळें नव्हे, असें त्यांनीं उतारवयांत स्पष्ट लिहून ठेविलें आहे. गोदींतील हमाल, ओझीं वाहणाऱ्या बायका यांच्या हालचालींत त्यांना सौंदर्य दिसे. मध्यमवर्गीय माणसांच्या चेहऱ्यांत व वागण्यांत तें दिसत नसे. दैन्याची खरी ओळख नंतरची, पतीच्या दवाखान्यांतली. ‘कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला’ हा वाद आमच्याकडे फडके-खांडेकरांच्या नांवांशीं जोडला जाऊन इतका घोटला गेला आहे कीं त्यांत आतां नवें बोलण्यासारखें थोडेंच उरलें आहे. परंतु दोन्ही पक्षांच्या अभिमान्यांनीं बाईंच्या या कबुलीचा विचार करावा असा आहे. जी स्त्री दरिद्र्यांची चित्रकर्त्री म्हणून साऱ्या जगांत ओळखली गेली, तिला प्रथम दिसलें तें त्यांचें सौंदर्य. आणि आम्हांस वाटतें कीं म्हणूनच तिच्या चित्रांतला गरीब मनुष्य कधींही भीक मागत नाहीं. ज्याला आपण आधीं सुंदर म्हणून पाहिलें त्याची कींव करणें कठीण असतें.

रंग त्यांनीं लवकरच बाजूस ठेविले. माक्स क्लिंगर नांवाच्या समकालीन जर्मन कलावंतानें १८९१ सालीं चित्र व रेखन यांच्या भेदाविषयीं एक निबंध लिहिला होता. रंगवलेलें चित्र जगाच्या शोभेंत रमतें, तर जगाची काळी बाजू दाखविण्याचें व तिच्यावर मत देण्याचें स्वातंत्र्य काळ्या-पांढऱ्या रेषेला असतें, अशा आशयाचें त्याचें प्रतिपादन बाईंच्या मनांत पक्कें बसलें. रेखनाचा दुसरा गुण अधिक व्यावहारिक आहे, तो म्हणजे त्याच्या प्रती निघतात. तांब्याच्या पत्र्यावर तेजाबानें कोरलेलें चित्र, शिळाछाप व लाकडी ठसा या तिन्ही रीतींनीं एका चित्राचीं शेंकडों चित्रें होतात. शिळाछाप म्हणजे काय हें मराठी वाचकास सांगावयास नको. आमच्या पूर्वजांच्या पोथ्या व पंचांगें शिळेवरच छापलीं जात. रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोंचल्या त्याही दगडावरूनच, आणि मळवलीचा तो छापखाना पुढें चालविणारा गृहस्थही एक जर्मनच होता. ज्या यंत्रानें आमच्या भिंतींवर देव आणले त्याच यंत्रानें बर्लिनच्या भिंतींवर भुकेलीं मुलें आणलीं, असा हा योगायोग आहे.

१८९३ च्या फेब्रुवारींत बर्लिनमध्यें गेरहार्ट हाउप्टमान यांच्या ‘विणकर’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. १८४४ सालीं सायलेशिया प्रांतांतल्या हातमागावरील विणकरांनीं मजुरीच्या हालांस कंटाळून उठाव केला व लष्करानें तो मोडून काढला, हा त्या नाटकाचा विषय. प्रयोग पाहून आल्यावर बाईंनीं हातांतलें दुसरें काम टाकून दिलें आणि चार वर्षें खपून सहा चित्रांची एक माला तयार केली. दैन्य, मृत्यु, खलबत, मोर्चा, हल्ला व शेवट अशीं तीं सहा चित्रें. पहिल्यांत आजारी लेंकराच्या अंथरुणापाशीं आई दोन्ही हातांनीं डोकें गच्च धरून बसली आहे आणि मागें माग उभा आहे. शेवटच्यांत प्रेतें घरांत आणून जमिनीवर ठेवलीं आहेत आणि शेजारीं पुन्हा तोच माग. मोर्चाच्या चित्रांत पुरुषांच्या हातांत कुऱ्हाडी-कोयते आहेत, पण आमची नजर जाते ती पाठीवर झोंपलेलें मूल घेऊन चाललेल्या एका बाईकडे. १८९८ च्या बर्लिन प्रदर्शनांत ही माला मांडली गेली तेव्हां वृद्ध चित्रकार मेंझेल यांनीं तिला सुवर्णपदक द्यावें अशी सूचना केली; बादशहा दुसरा विल्हेल्म यानें ती नाकारली. तीन वर्षांनीं याच बादशहानें, दैन्य आहे त्याहून भेसूर करून दाखविणारी कला गटारांत उतरते, असें जाहीर भाषणांत सांगितलें. १९०६ सालीं घरबसल्या मजुरी करणाऱ्या बायकांच्या स्थितीविषयीं भरलेल्या प्रदर्शनासाठीं बाईंनीं एका थकलेल्या मजूर स्त्रीचें भित्तिपत्रक काढलें, तर तें काढून टाकल्याखेरीज आपण प्रदर्शनास येणार नाहीं असें महाराणीनें कळविलें. राजघराण्याची ही चिडखोर वृत्ति बाईंच्या कीर्तीस उपकारकच ठरली. परंतु बादशहाला राग आला एवढ्यावरून चित्र मोठें ठरत नाहीं.

‘विणकर’ माला उत्तम आहे, पण तिच्यांत रंगभूमीचा वास अजून आहे. पात्रें योग्य जागीं उभीं आहेत, प्रकाश योग्य जागीं पडला आहे. १९०८ पर्यंत पुऱ्या झालेल्या ‘शेतकऱ्यांचें युद्ध’ या सात चित्रांच्या मालेंत हा दोष बराच गेला. सोळाव्या शतकांतील, म्हणजे १५२४-२५ चें, जर्मन शेतकऱ्यांचें बंड हा तिचा विषय. पहिल्या चित्रांत माणूस स्वतःच्या अंगाला पट्टे बांधून नांगर ओढतो आहे व त्याचें शरीर इतकें वांकलें आहे कीं तें जमिनीला समांतर झालें आहे. माणूस कोठें संपतो व ढेंकळें कोठें सुरू होतात हें क्षणभर कळत नाहीं. ज्यांनीं आमच्या देशांत दुष्काळानंतर जनावरें नाहींशीं झालेलीं शिवारें पाहिलीं आहेत त्यांना या चित्रांत अतिशयोक्ति दिसणार नाहीं. ‘रणभूमि’ या चित्रांत रात्रीं कंदील घेऊन एक म्हातारी प्रेतांतून हिंडते आहे. सारा कागद काळा आहे. उजेड पडला आहे तो फक्त तिच्या गांठाळलेल्या हातावर व त्या हातानें चांचपलेल्या एका तरुण मुखावर. तो तिचाच मुलगा आहे कीं नाहीं हें चित्र सांगत नाहीं.

या मालेंतलें सर्वांत प्रसिद्ध चित्र मात्र ‘उद्रेक’ हें होय. ‘काळी आना’ नांवाची शेतकरीण आपल्याकडे पाठ करून उभी आहे, तिचे दोन्ही हात वर गेले आहेत आणि तिच्यासमोरून शस्त्रें घेतलेला जमाव वादळासारखा धांवत सुटला आहे. या चित्रासमोर उभें राहिलें असतां रक्त सळसळतें हें खरें. चळवळींच्या पत्रकांवर तें अनेकवार छापलें गेलें यांत नवल नाहीं. पण वाचकांनीं त्या वर गेलेल्या हातांकडे लक्ष ठेवावें. ही बाई स्वतः धांवत नाहीं; ती दुसऱ्यांना पाठविते आहे. त्याच सुमारास, १९०३ सालीं, बाईंनीं ‘मेलेलें मूल घेतलेली स्त्री’ हें चित्र कोरलें. त्यासाठीं आपल्या सात वर्षांच्या धाकट्या मुलाला, पेटरला, मांडीवर घेऊन त्या आरशासमोर बसल्या होत्या. त्या चित्रांतील आईनें मुलाचें कलेवर असें आवळून धरलें आहे, त्याच्या छातीवर तोंड असें दाबलें आहे, कीं ती माणूस कमी व जनावर अधिक वाटते. त्यांच्या एका जिवलग मैत्रिणीला तें पाहून धक्काच बसला. पुढें जें झालें त्याचा आधार घेऊन या चित्राला भविष्यवाणी म्हणण्याची रीत आहे. आम्हांस तसले चमत्कार नकोत. पाठविणारे हात आणि न सोडणारे हात असे दोन्ही हात एकाच बाईच्या ठायीं एकाच वेळीं होते, एवढीच नोंद आम्ही करितों.

१९१४ च्या ऑगस्टमध्यें युद्ध पेटलें तेव्हां पेटर अठरा वर्षांचा होता. स्वयंसेवक म्हणून सैन्यांत जावयाचें तर वडिलांची संमति लागे, आणि डॉक्टर ती देण्यास तयार नव्हते. मुलानें आईकडे पाहिलें. आईनें पतीचें मन वळविलें. ऑक्टोबरमध्यें बेल्जममध्यें पेटर मारला गेला.

कोलविट्झबाईंविषयीं लिहिणारे बहुतेक लेखक या प्रसंगापाशीं पोंचले कीं शोकाचा आलाप सुरू करतात. पुत्रशोकाची थोरवी आम्हांसही मान्य आहे. पण येथें नुसता पुत्रशोक नाहीं, त्यांत संमतीचा कांटा आहे, आणि तो पाहिला नाहीं तर पुढच्या तीस वर्षांचें काम कळणार नाहीं. आपण गरिबांच्या बाजूच्या, आजोबांनीं सत्यासाठीं धर्मपीठ सोडलेलें, पति समाजवादी, स्वतः बंडाचीं चित्रें काढणाऱ्या. आणि तरी देश, त्याग, तरुणांचें तेज हे शब्द कानांवर पडतांच आपलेही हात वर गेले. हा हिशेब त्यांनीं कोणा बादशहाच्या नांवें टाकला नाहीं. दैनंदिनींत वर्षानुवर्षें त्या त्याच जागीं परत परत येतात. मुलाची श्रद्धा खोटी ठरवावी तर त्याचें मरण व्यर्थ, आणि खरी ठरवावी तर आणखी मुलें मरणार, या कात्रींत सांपडतात. १९१८ च्या ऑक्टोबरमध्यें कवि रिखार्ड डेमेल यांनीं उरलेल्या पुरुषांनीं शेवटच्या लढ्यासाठीं पुढें यावें असें आवाहन केलें, तेव्हां कोठें बाईंनीं वृत्तपत्रांतून उघड उत्तर दिलें कीं आतां पुरे झालें. त्या निर्णयाला येण्यास त्यांना चार वर्षें लागलीं.

‘युद्ध’ या नांवाची सात लाकडी ठशांची माला १९२२ सालीं पुरी झाली. आमच्या मतें बाईंच्या साऱ्या कामाचा हा कळस होय. तांब्याच्या पत्र्यावर त्या पूर्वीं जें बारीक छायेचें काम करीत तें त्यांनीं टाकून दिलें. १९२० सालीं एर्न्स्ट बार्लाख या शिल्पकाराचे लाकडी ठसे पाहून त्यांना ही वाट दिसली होती, व कार्ल लीबक्नेख्टच्या स्मृतिचित्रांत त्यांनीं ती चोखाळली होती. १९१९ च्या जानेवारींत खून झालेल्या या पुढाऱ्याचें प्रेत रेखाटण्याची विनंती त्याच्या कुटुंबानें त्यांना केली. त्या त्याच्या पक्षाच्या नव्हत्या; त्यांनीं चित्रांत पुढारी जवळजवळ लपवून टाकला व त्याच्यावर वांकलेल्या कामकऱ्यांचे माथे व एक जड, बावरलेला हात तेवढा पुढें आणला. लाकडांत मधली छटा नाहीं. जें कोरलें तें पांढरें, जें ठेविलें तें काळें. खोडून पुन्हा लिहिण्याची सोय नाहीं. पश्चात्तापाला हें साधन विलक्षण योग्य आहे.

या सात चित्रांत एकही तोफ नाहीं, एकही खंदक नाहीं, शत्रूचा गणवेश कोठेंही नाहीं. पहिल्या चित्राचें नांव ‘बळी’. एक उघडी, तरुण आई डोळे मिटून आपलें तान्हें मूल दोन्ही हातांनीं पुढें धरीत आहे. हें विलापाचें चित्र आहे असें पुष्कळांस वाटतें. पण तिच्या हातांतून मूल कोणी ओढीत नाहीं. तीच तें देत आहे, आणि डोळे मिटलेले आहेत ते दुःखानें कीं श्रद्धेनें हें ठरवितां येत नाहीं. काळ्या आनाचे जे हात वीस वर्षांपूर्वीं रिकामे वर गेले होते तेच हे हात. आतां त्यांत काय होतें तें दिसलें. दुसऱ्या चित्रांत मृत्यु डंका वाजवीत पुढें चालला आहे व त्याच्या मागून तरुणांची रांग, तोंडें उघडीं, मान मागें टाकलेली, ओरडत आहेत कीं गात आहेत तें कळत नाहीं. मृत्यूच्या अगदीं जवळचा चेहरा पेटरचा आहे. तिसऱ्यांत आईबाप गुडघ्यांवर पडून एकमेकांत इतके मिसळले आहेत कीं दोघांचा मिळून एकच काळा दगड झाला आहे. मग दोन विधवा : एक गरोदर, उभी, स्वतःचेच मोठे हात स्वतःवर आवळून; दुसरी मेलेली, उताणी, छातीवर तान्हें. सहाव्यांत ‘आया’. पुष्कळशा आया एकमेकींना बिलगून मुलांभोंवतीं भिंत करून उभ्या आहेत. देणारे हात येथें प्रथम झांकणारे झाले. सातव्या चित्राविषयीं आम्ही फारसें बोलत नाहीं. ‘जनता’ हें त्याचें नांव मोठें आहे, पण भोंवतालचे विद्रूप चेहरे मुखवट्यांसारखे वाटतात.

याच काळांत जर्मनींत युद्धाचीं व दैन्याचीं चित्रें काढणारे दुसरेही बळकट हात होते, आणि तुलना केल्यावांचून बाईंचें वैशिष्ट्य ध्यानांत येणार नाहीं. ओटो डिक्स स्वतः यंत्र-तोफखान्यांत लढलेला. त्यानें १९२४ सालीं ‘युद्ध’ याच नांवानें पन्नास कोरीव चित्रें प्रसिद्ध केलीं. त्यांत खंदकांतला चिखल, विषारी धूर, कुजलेलीं तोंडें सारें कांहीं आहे, आणि तें इतकें अचूक आहे कीं पाहणाराला नाक धरावेंसें वाटतें. गेओर्ग ग्रोस याची रेषा सुरीसारखी. लठ्ठ नफेबाज, एका डोळ्याला कांच लावलेले सेनापति, आणि फुटपाथवर काड्यापेट्या विकणारे लंगडे शिपाई हे त्याचे लोक. लष्कराची बदनामी केली म्हणून त्याला न्यायालयांत दंडही झाला. ग्रोसच्या चित्रांपुढें हंसूं येतें आणि रागही येतो. तो राग न्याय्य आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि ग्रोसचा प्रेक्षक नेहमीं निर्दोष असतो; चित्रांतला डुक्कर म्हणजे शेजारी, आपण नव्हे. डिक्स साक्षीदार आहे, ग्रोस फिर्यादी आहे. आरोपीच्या पिंजऱ्यांत स्वतः जाऊन उभी राहिली ती एकटी कोलविट्झबाई.

त्यांना अभिव्यक्तिवादी म्हणावें कीं नाहीं यावर पंडितांत मतभेद आहेत. वयानें त्या त्या पंथाच्या तरुणांहून थोर होत्या, व चित्रशाळेंत बसून केलेल्या, सामान्य माणसास न कळणाऱ्या कलेविषयीं त्यांचें मत प्रतिकूल होतें. पण पार्श्वभूमि पुसून टाकणें, शरीराचें प्रमाण मोडून हात वाढविणें, छायेऐवजीं काळा-पांढरा आघात करणें हें सारें त्यांनीं त्या पंथाच्याच पेठेंतून उचललें. फरक एवढाच कीं तेथें पुष्कळदां चित्रकाराच्या मनाची किंकाळी ऐकूं येते. येथें किंकाळी गिळलेली आहे.

त्यांच्या भित्तिपत्रकांची कीर्ति याहून मोठी आहे, आणि तेथें आमचें मत जरा हात राखून द्यावें लागतें. १९२० नंतरच्या उपासमारींत त्यांनीं व्हिएन्नाच्या मुलांसाठीं, रशियाच्या दुष्काळासाठीं, जर्मनीच्या मुलांसाठीं शिळाछापाचीं चित्रें दिलीं. मागणाऱ्याला नाहीं म्हणणें त्यांना जमत नसे. रिकामीं भांडीं वर धरून वर पाहणाऱ्या मुलांचें चित्र पाहिलें कीं खिशाकडे हात जातो, व तें त्यासाठींच काढलेलें आहे. १९२४ च्या ‘पुन्हा युद्ध नको’ या पत्रकांत केंस उडालेला एक तरुण हात उंच करून शपथ घेतो. पत्रक म्हणून तें ठसठशीत आहे. पण तो हात पुन्हा वर गेलेला हातच आहे, व तितक्याच सहज दुसऱ्या एखाद्या घोषणेखालीं शोभला असता. याच्या उलट त्याच वर्षींचें ‘भाकरी’ पहावें. आई पाठमोरी आहे. दोन्ही मुलें तिचें वस्त्र ओढीत आहेत. तिचा चेहरा आपणांस दिसत नाहीं आणि तो दिसूं नये अशीच तिची इच्छा असावी. ही चित्रें केवळ करुणा उत्पन्न करतात, क्रोध नाहीं, सबब तीं समाजाचे डोळे उघडीत नाहींत, असा आक्षेप पूर्वीं राजकारणी टीकाकार घेत व अजूनही घेतला जातो. पत्रकांपैकीं कांहींना तो लागू पडेल. ‘भाकरी’ला लागू पडत नाहीं, कारण पाठमोऱ्या माणसाची कींव करतां येत नाहीं, आपण तेथें उभे राहून काय पाहत आहों याची लाज तेवढी वाटते.

१९१९ सालीं प्रशियाच्या कला-अकादमीवर निवडून आलेली ही पहिली स्त्री. १९३३ सालीं, डाव्या पक्षांनीं हिटलरविरुद्ध एक व्हावें या आवाहनावर सही केल्यामुळें, तिला तेथून जावें लागलें. पुढें चित्रें मांडण्याचेंही बंद झालें. १९४० सालीं पति वारले. १९४२ सालीं नातू रशियांत मारला गेला. त्याचेंही नांव पेटरच होतें. त्या सुमाराचें त्यांचें शेवटचें शिळाछाप चित्र, ‘बियाण्याचे दाणे दळूं नयेत’. शब्द ग्योटेचे आहेत, पण शेतकऱ्यांच्या देशांत त्यांचा अर्थ ग्योटे न वाचतांही कळतो : घरांत कितीही उपास पडो, बियाण्याच्या कणगीला हात लावावयाचा नसतो. चित्रांत एक म्हातारी आपल्या पदराखालीं तीन मुलांना कोंबून दोन्ही दंड त्यांच्यावर आडवे टाकून उभी आहे. मुलें मात्र घाबरलेलीं नाहींत. एक तर खोडकर डोळ्यांनीं बाहेर पाहत आहे. त्याला बाहेर जावयाचें आहे. म्हातारीला तें ठाऊक आहे. मुलगा स्वखुषीनें निघाला होता ही गोष्ट बाई शेवटपर्यंत विसरल्या नाहींत, आणि या एका मिस्किल चेहऱ्यामुळें तें चित्र उपदेश होतां होतां वांचलें. १९४५ च्या २२ एप्रिलला, युद्ध संपण्यास थोडेच दिवस उरले असतां, त्या वारल्या.

त्यांचा वारसा पूर्वेकडे कसा आला ही कथा वेगळ्या लेखाची आहे. चीनमध्यें लू शुन यांनीं १९३१ सालीं, मारल्या गेलेल्या एका तरुण लेखकमित्राच्या स्मरणार्थ, ‘बळी’ हेंच चित्र छापलें व १९३६ सालीं त्यांच्या चित्रांचा संग्रह काढला. आमच्याकडे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यांत हिंडले व शाईनें काढलेल्या चित्रांचें ‘हंग्री बेंगॉल’ हें पुस्तक त्यांनीं प्रसिद्ध केलें. सरकारनें त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. याच चित्तप्रसादांनीं पुढें मुंबईंत अंधेरीस वर्षानुवर्षें वास्तव्य केलें, तरी मराठी कलासमीक्षेनें त्यांची म्हणावी तशी दखल घेतलेली आम्हांस आढळत नाहीं. त्यांच्या कित्येक रेखाटनांवर भुकेल्या माणसाचें नांव व गांव लिहिलेलें असतें. कोलविट्झबाईंच्या माणसांना नांव नाहीं. दुष्काळाच्या साक्षीला नांव-गांव हवेंच. आणि ज्या पापांत सर्वांचा वांटा आहे त्याच्या चित्राला नांव नसलेलेंच बरें.

मात्र या निनांवीपणाचा दुरुपयोग होऊं शकतो, व झालाही आहे. १९३२ सालीं, अठरा वर्षांच्या खटपटीनंतर, बाईंनीं पेटर जेथें पुरला होता त्या बेल्जममधील दफनभूमींत दोन दगडी मूर्ति बसविल्या. १९५० नंतरच्या दशकांत त्या फ्लाडस्लो येथें हलविल्या गेल्या. आई व बाप निरनिराळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकून आहेत, दोघांनीं आपापले हात स्वतःभोंवतींच आवळले आहेत. ते मृतांपुढें क्षमा मागत आहेत, आणि ज्यांच्याजवळ मागत आहेत त्यांच्या ओळी समोर आहेत. याउलट १९९३ सालीं जर्मन सरकारनें बर्लिनच्या ‘नोये वाखे’ या स्मारकांत बाईंची ‘मृत पुत्रासह आई’ ही मूर्ति सुमारें चौपट मोठी करून बसविली आणि ती युद्धाच्या व जुलमाच्या सर्वच बळींना अर्पण केली. मारणारे व मारले गेलेले एकाच आईच्या मांडीवर ठेवावे कीं काय, असा प्रश्न तेव्हां जर्मनींतच पुष्कळांनीं विचारला, व तो रास्त होता. मूळ मूर्ति हातभरही उंच नाहीं. तींत मुलगा आईच्या गुडघ्यांमध्यें मिटून बसल्यासारखा आहे; तिचा एक हात स्वतःच्या तोंडापाशीं गेला आहे, आणि दुसऱ्यानें तिनें त्याचा हात हलकेच उचलला आहे, जणूं तो अजून ऊन आहे कीं काय हें पाहण्यासाठीं. बर्लिनच्या त्या भव्य, रिकाम्या दालनांत हा स्पर्श हरवतो. कोलोन येथें १९८५ पासून बाईंच्या कृतींचें संग्रहालय आहे. जर्मनीस जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं ती लहान मूर्ति तेथें पाहावी.